मुलाला पहिली मॅच कुठली दाखवू? युनायटेड, सिटी की तिसरंच काही? सल्ला हवाय

सॅलफर्डची_शलाका:
नमस्कार मंडळी, आम्ही गेल्या ऑगस्टात पुण्याहून मँचेस्टरशेजारच्या सॅलफर्डला शिफ्ट झालो. मुलगा नऊ वर्षांचा आहे, फुटबॉलचं वेड लागलंय आणि त्याला वाढदिवसाला पहिली खरीखुरी मॅच दाखवायचीय. प्रश्न साधा वाटतो पण माझ्यासाठी नाहीये, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी मँचेस्टर युनायटेडची, म्हणजे लाल जर्सीवाल्यांची. 26 मे 1999 ची ती बार्सिलोनातली चॅम्पियन्स लीगची फायनल, बायर्न म्युनिकविरुद्ध, मी आणि दादा सिंहगड रोडच्या घरात आवाज बारीक करून बघत होतो, सुट्टी होती म्हणून आईने जागू दिलं होतं, आणि रात्री दोन वाजता शेरिंगहॅम आणि मग सोल्शारचा गोल झाला तेव्हा दादाने मला उचलून घेतलं होतं. त्या दिवसापासून मी लाल. आमचा पुण्यातला एक ग्रुप होता, मॅनेजर फर्ग्युसनच्या शेवटच्या सीझनला म्हणजे 2013 ला मॅचच्या दिवशी फोन बाजूला ठेवावा लागायचा इतके मेसेज यायचे. आता त्याच ग्रुपवर दिवाळीच्या शुभेच्छा येतात आणि कधीतरी मी आणि दादाच बोलत असतो. बाकीचे भांडून वगैरे गेले नाहीत, एकेक करून बघायचेच बंद झाले.

मुलाच्या वर्गात निम्मे निळ्यांचे, म्हणजे मँचेस्टर सिटीचे. त्याने मला विचारलं, आई तुझी टीम शेवटची कधी जिंकली? मी म्हटलं 2024 ला एफए कप, सिटीलाच हरवून. तर म्हणतो कप नाही, लीग सांग. लीग 2013, तो जन्मायच्या आधी. तो गप्प बसला, मला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसला हे मला कळलं.

तर सांगा, ओल्ड ट्रॅफर्डचं, म्हणजे युनायटेडच्या मैदानाचं तिकीट मिळतं का आता सहज, टीम एवढी खाली आलीय तर? आणि मुलाला माझ्या टीमकडे वळवावं का, की त्याचं त्याला निवडू द्यावं? बजेट मध्यम आहे, दोघांची दोन तिकिटं.

डिड्सबरीकर:
ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, नाही. लोकांना वाटतं टीम हरायला लागली की मैदान रिकामं होतं, तिकिटं स्वस्त होतात, इथे तसं काही झालेलं नाही. 2025 ला 15वे आले लीगमध्ये, बिल्बाओला युरोपा फायनल टॉटनमकडून हरले, तरी 74 हजारांचं मैदान जवळपास भरलेलंच होतं सीझनभर. मेंबरशिप घ्यावी लागते, मग तिकिटासाठी नशीब आजमावायचं. आणि त्याच सीझनच्या मध्यात उरलेली मेंबर तिकिटं सरसकट 66 पाउंड केली होती, लहान मुलांना सवलत नाही, त्यावरून बरीच निदर्शनं झाली.

हे आजचं नाही बरं का. 1974 ला युनायटेड दुसऱ्या डिव्हिजनमध्ये पडली, युरोपियन कप जिंकून सहाच वर्षं झाली होती, आणि त्या खालच्या डिव्हिजनमध्ये खेळताना त्यांना अख्ख्या इंग्लंडमध्ये सगळ्यात जास्त सरासरी प्रेक्षक मिळाले. वरच्या डिव्हिजनच्या कुठल्याही टीमपेक्षा जास्त! म्हणून म्हणतो, तुमचा पुण्याचा ग्रुप आटला आणि इथलं मैदान भरलेलं आहे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. टीव्हीवरचा माणूस उठून जातो तेव्हा कुणाला कळतही नाही. मैदानातल्या माणसाची खुर्ची मात्र वडिलांच्या खुर्चीशेजारी असते.

पेठेतला_स्ट्रायकर:
शलाकाताई, मी कोल्हापूरचा, आमच्याकडं तुमचा दुसरा प्रश्न पडतच न्हाई. मंगळवार पेठेत जन्मलं की पाटाकडील तालमीची टीम, शिवाजी पेठेत शिवाजी तरुण न्हाईतर खंडोबा, पोरगं चालायला लागायच्या आधी ठरलेलं असतंय. शाहू स्टेडियमवर मी आज्ज्याच्या खांद्यावर बसून गेलोय. आमची टीम मधी कितीतरी वर्षं फायनल बघत न्हवती, म्हणून काय पेठ बदलायची व्हय? "जिकडं गुलाल तिकडं चांगभलं" म्हणणारे आमच्याकडंबी हायत, न्हाई असं न्हाई, पण ते सगळे वर्ल्ड कपात, ब्राझील अर्जेंटिनाच्या वेळी. गल्लीतल्या टीमला ते चालत न्हाई.

पण तुमच्या पोराची पेठ कुठली? त्यो आता तिथं राहतोय, म्हंजे सॅलफर्ड त्याची पेठ. त्यानं तिथलं कायतरी धरावं असं मला वाटतंय, मग लाल असू दे न्हाईतर निळं. सक्ती करू नका एवढंच.

लँकशायरचा_डॉक्टर:
मी एक वेगळंच नाव सुचवतो, कृपया शेवटपर्यंत वाचा. ब्लॅकबर्न रोव्हर्स.

मँचेस्टर व्हिक्टोरियाहून ट्रेनने साधारण तास. मैदान ईवुड पार्क, 31 हजारांचं, मिल हिल स्टेशनवरून चालत जाता येतं. तिकीट आदल्या दिवशी, बऱ्याचदा त्याच दिवशीसुद्धा मिळतं, मुलांचं स्वस्त असतं, आणि पुढच्या रांगेत बसलात तर खेळाडू एकमेकांना काय ओरडतात ते ऐकू येतं. पहिल्या मॅचला मुलाला हेच हवं असतं, 74 हजारांत वरच्या टोकाला बसून मुंग्या बघण्यापेक्षा.

आता तुमच्या मूळ विषयाशी याचा संबंध. मी इथे पंधरा वर्षं आहे, हॉस्पिटलमध्ये काम करतो, माझे अर्धे पेशंट रोव्हर्सवरच बोलतात. हे सव्वा लाखाच्या आसपास वस्तीचं जुनं कापड गिरण्यांचं गाव, आपल्या इचलकरंजीची आठवण येते. क्लब 1875 चा, 1888 ला पहिली फुटबॉल लीग सुरू झाली त्या बारांपैकी एक. गावातलाच जॅक वॉकर, पोलादाच्या धंद्यात पैसा केलेला, त्याने 1991 ला क्लब हातात घेतला, मॅनेजर म्हणून केनी डॅलग्लिशला आणला, स्ट्रायकर शिअररला आणला, आणि 1995 ला प्रीमियर लीग जिंकली. शेवटच्या दिवशी लिव्हरपूलच्या मैदानावर, ॲनफिल्डवर, स्वतः 2-1 हरले, पण तिकडे युनायटेड वेस्ट हॅमशी 1-1 बरोबरीत अडकली आणि कप इकडे आला. शिअररचे 34 गोल त्या सीझनला. आणि चारच वर्षांत, 1999 ला, टीम खालच्या डिव्हिजनमध्ये पडली. म्हणजे तुमच्या त्या बार्सिलोनाच्या रात्रीच्या त्याच महिन्यात इथे घराघरात सुतक होतं.

वॉकर 2000 साली गेला, पुढच्याच वर्षी टीम परत वर आली, 2002 ला लीग कप जिंकला. पुढे 2012 ला पुन्हा पडली आणि 2017 ला तिसऱ्या डिव्हिजनमध्ये गेली, प्रीमियर लीग जिंकलेली एखादी टीम तिथपर्यंत पडायची ती पहिलीच वेळ. एका वर्षात परत दुसऱ्यात आले, तिथेच आहेत. या सगळ्यात प्रेक्षक निम्म्याहून कमी झाले, हे खोटं कशाला सांगू. जे गेले ते का गेले हे मी लोकांना विचारत आलोय, आणि टीम हरते म्हणून गेलो असं सांगणारे मला फार थोडे भेटले. जास्त जण म्हणतात आमचं कुणी ऐकत नव्हतं म्हणून गेलो.

सॅलफर्डची_शलाका:
डॉक्टर, ब्लॅकबर्नचे मालक म्हणजे आपल्या पुण्याचेच ना, कोंबड्यांच्या धंद्यातले वेंकीज? मला पुण्यात असताना नेहमी आठवायचं.

लँकशायरचा_डॉक्टर:
हो, नोव्हेंबर 2010 ला घेतला. महिन्याभरात मॅनेजर सॅम अलार्डाइसला काढलं, 2011 च्या ऑक्टोबरात टीमला पुण्याला नेऊन बालेवाडीत पुणे एफसीशी मॅच खेळवली, आणि 2012 च्या मे महिन्यात, ज्या मॅचमध्ये विगनकडून हरून टीम पडली, त्या मॅचला चिडलेल्या प्रेक्षकांनी मैदानात कोंबडी सोडली. मी पुण्याचा आहे हे कळल्यावर तेव्हा लोक माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघायचे. दुसरी बाजूही सांगतो, त्यानंतर वर्षानुवर्षं तोटा भरून काढायला पैसे त्यांनीच घातलेत, हे त्यांच्यावर रागावलेले म्हातारेही कबूल करतात. पण मालक मैदानात दिसत नाहीत याचं दुःख त्यांना पैशापेक्षा मोठं आहे. वॉकर त्यांच्यातच बसायचा ना.

आणि एक चांगली गोष्ट. गावात गुजराती आणि पाकिस्तानी मूळ असलेली मोठी वस्ती आहे, 1995 ला ती लोकं मैदानात फारशी नसायची. 2022 च्या मे महिन्यात क्लबने ईदची नमाज थेट मैदानावर ठेवली, इंग्लंडमधल्या लीग क्लबांत पहिल्यांदाच. आता आपल्यासारखे चेहरे स्टँडमध्ये दिसतात. जिंकण्याच्या दिवसांत जे जमलं नव्हतं ते पडत्या काळात जमलं, मला याचं फार मोल वाटतं.

मडगावकर:
डॉक्टरसाहेबांचं वाचून आमचा गोव्याचा डेम्पो क्लब आठवला. 2005 ते 2012 मध्ये पाच वेळा देशाचं विजेतेपद, आर्मांदो कुलासोंचं कोचिंग, रांती मार्टिन्स, बेटो, क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक, महेश गवळी. फातोर्ड्याच्या मैदानात मी सगळं बघितलंय. 2015 ला टीम खाली गेली, पुढच्या वर्षी दुसरी डिव्हिजन जिंकली आणि तरीही 2016 ला साळगावकर आणि स्पोर्टिंगबरोबर आय लीगमधून, म्हणजे देशाच्या लीगमधून बाहेर पडली, फेडरेशनच्या नव्या आराखड्याच्या निषेधात. तोपर्यंत आयएसएल (इंडियन सुपर लीग) आली होती, एफसी गोवाच्या मॅचला सगळा गोवा लोटत होता. इथे चाहते घरी नाही बसले, उठून शेजारच्या मांडवात गेले, कारण मैदान तेच, फातोर्डाच, आणि निम्मे खेळाडूही ओळखीचे. डेम्पो 2024-25 ला आय लीगमध्ये परत आली तेव्हा मी मुलीला घेऊन गेलो. गर्दी नव्हती. माझ्या वयाचे बरेच जण आपापल्या पोरांना घेऊन आले होते, आणि प्रत्येक जण पोराला मैदानाकडे बोट दाखवून काहीतरी जुनं सांगत होता.

ताई, मुलाला घेऊन जा, कुठेही जा, पण बरोबर तुम्ही जा.

बाणेरचा_लेफ्टबॅक:
मी सिटीचा, आणि मुलाच्या बाजूने बोलणार. आपल्याकडे कोण कुठल्या टीमचा हे बघा, तो दहा-बारा वर्षांचा असताना टीव्हीवर कोण जिंकत होतं ते कळतं. नव्वदच्या दशकात केबल आली तेव्हा युनायटेड जिंकत होती म्हणून तुमची पिढी लाल, 2005 नंतरची थोडी चेल्सीची, आर्सेनलवाले 2004 चे. हे कमीपणाचं नाही, लहान मूल उजेडाकडेच बघणार. तुमच्या मुलाने डोळे उघडल्यापासून सिटीने 2021 ते 2024 ओळीने चार लीग घेतल्यात, तो तिकडे बघतोय तर त्याला ग्लोरी हंटर, म्हणजे जिंकणाऱ्यामागे धावणारा, म्हणून चिडवू नका, तुम्ही 99 ला तेच केलं होतं.

फक्त एक करा, त्याला हे सांगा की तुमच्या त्या फायनलनंतर चारच दिवसांनी, 30 मे 1999 ला, सिटी वेम्ब्लीवर तिसऱ्या डिव्हिजनमधून वर चढण्यासाठीची प्लेऑफ फायनल खेळत होती, जिलिंगहॅमविरुद्ध, दोन गोलांनी मागे, पंचाण्णवाव्या मिनिटाला डिकॉव्हने बरोबरी केली आणि पेनल्टीवर जिंकले. त्या सीझनला तिसऱ्या डिव्हिजनमध्ये सिटीच्या तेव्हाच्या मैदानावर, मेन रोडवर, सरासरी 28 हजार लोक यायचे. वर्गातल्या निळ्या पोरांचे आजोबा त्यातलेच असतील. मुलाला हे कळलं की दोन्ही टीमकडे तो वेगळ्या नजरेने बघेल.

मॉस्टनची_मृणाल:
एक छोटीशी भर. मँचेस्टरमध्येच, मॉस्टनला, ब्रॉडहर्स्ट पार्कवर एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर खेळते. 2005 ला ग्लेझर कुटुंबाने युनायटेड विकत घेतली म्हणून नाराज चाहत्यांनी स्वतः काढलेला क्लब, मालक सगळे मेंबर, एक माणूस एक मत. टीम जिंकत होती तेव्हा सोडून गेले हो हे लोक, त्यानंतर तर रोनाल्डो-रूनीची सगळी वर्षं आली. खालच्या लीगमध्ये आहेत, तिकीट स्वस्त, मॅचनंतर पोरांना खेळाडू भेटतात.

सॅलफर्डची_शलाका:
मंडळी, जाऊन आलो, लिहायला वेळ झाला त्याबद्दल माफ करा. सगळे सल्ले मुलाला वाचून दाखवले, अंतिम निर्णय त्याचा, आणि त्याने ब्लॅकबर्न निवडलं कारण त्याला कोंबडीची गोष्ट आवडली.

मिल हिलवरून पावसात चालत गेलो. बाहेर जॅक वॉकरचा पुतळा आहे तिथे फोटो काढला. आमच्या शेजारी एक आजोबा होते, गुडघ्यावर घोंगडी, त्यांनी विचारलं कुठून आलात, मी पुणे म्हटलं आणि आता काहीतरी ऐकावं लागणार म्हणून घाबरले, तर ते हसले आणि मुलाला पुदिन्याची गोळी दिली. मग पूर्ण हाफ टाइम त्यांनी त्याला 1995 चा शेवटचा दिवस सांगितला, ॲनफिल्डला ते स्वतः होते, हरलोय की जिंकलोय हे रेडिओवर वेस्ट हॅमचा स्कोअर कळेपर्यंत ठाऊक नव्हतं म्हणाले. मुलाने त्यांना विचारलं, मग नंतर टीम हरायला लागली तेव्हा तुम्ही यायचं का नाही थांबवलंत? ते म्हणाले माझी बायको इथे बसायची, आणि त्यांच्या नि आमच्या मधल्या खुर्चीवर हात ठेवला. मला पुढचं थोडा वेळ नीट दिसलं नाही.

मॅच हरलो. "हरलो" हा शब्द परतीच्या ट्रेनमध्ये मुलाने वापरला, मी नाही. शाळेत तो अजून सिटीचाच आहे आणि मी त्याला काही म्हणत नाही, रात्री दादाला व्हिडिओ कॉलवर मात्र त्याने जिलिंगहॅमची पूर्ण मॅच सांगितली. दादा म्हणाला पुढच्या उन्हाळ्यात येतो, आपण तिघं जाऊ.

आता प्रश्न, पुढची घरची मॅच मंगळवारी रात्री पावणेआठला आहे. संपल्यावर व्हिक्टोरियाला परतीची गाडी मिळते का? मुलाला बुधवारी शाळा आहे.

लँकशायरचा_डॉक्टर:
मिळते, पण मिल हिलला थांबू नका, रात्री तिथे गाड्या कमी असतात. मॅच संपली की टॅक्सीने सरळ ब्लॅकबर्न स्टेशन गाठा आणि शेवटच्या गाडीची वेळ आदल्या दिवशी बघून ठेवा. मी त्या दिवशी सुट्टीवर आहे, गाडी चुकली तर मी सोडतो सॅलफर्डला. आजोबा असतातच मंगळवारी, पोराला त्याच रांगेत बसवा.