मॉर्गेज, स्टॉक, बँकरप्ट : हे शब्द आले कुठून?

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा) :
आमच्याकडे ज्येष्ठ नागरिकांना आर्थिक कागदपत्रे मराठीतून समजावून सांगण्याचा वर्ग चालतो. गृहकर्जाच्या करारात ‘मॉर्गेज’ हा शब्द आला तेव्हा मी ‘गहाण’ म्हणून पुढे सरकले. परंतु त्यातला ‘मॉर्ट’ म्हणजे मृत असेल, तर मेले नेमके कोण, असे एका काकांनी विचारले. ‘स्टॉक’ आणि ‘बँकरप्ट’ यांचीही विश्वासार्ह व्युत्पत्ती कोणी सांगेल काय? व्हॉट्सॲपवरच्या कथा मात्र नकोत.

उत्तर १ :
ताई, काकांचा प्रश्न रास्त आहे. जुन्या फ्रेंचमध्ये ‘मॉर्ट’ म्हणजे मृत आणि ‘गेज’ म्हणजे तारण. सतराव्या शतकातील न्यायविद एडवर्ड कोक यांनी अशी फोड केली, की ऋणकोने मुदतीत पैसे फेडले नाहीत तर जमीन त्याला मेली, आणि फेडले तर धनकोपुरते तारण मेले. बाराव्या शतकातील, इंग्रज न्यायाधीश ग्लॅनव्हिल यांच्या नावावर असलेल्या कायद्याच्या ग्रंथातला अर्थ वेगळा आहे : जमिनीचे उत्पन्न धनकोने खायचे, पण ते मुद्दलातून वळते करायचे नाही, असे तारण ‘मृत’. मला हा अर्थ अधिक पटतो, कारण कोक यांची फोड शब्द रूढ झाल्यावर बसवलेली दिसते. काकांना ताबेगहाणाचे, म्हणजे जमिनीचा ताबाच धनकोकडे जातो अशा गहाणाचे, उदाहरण द्यावे.

उत्तर २ :
‘स्टॉक’ म्हणजे मुळात खोड. इंग्लंडच्या राजकोषात देण्याघेण्याचा हिशेब काठीवर खाचा पाडून ठेवत : हजार पौंडांना तळहाताच्या जाडीची खाच, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी. मग काठी उभी चिरत, म्हणजे खाचा दोन्ही भागांवर उमटत. पैसे देणाऱ्याकडे राही तो लांब भाग ‘स्टॉक’, घेणाऱ्याकडचा ‘फॉइल’. दोन्ही तुकडे जुळवले की लबाडी तत्काळ उघडी पडे. ही पद्धत १८२६ पर्यंत टिकली, आणि १८३४ मध्ये साठलेल्या काठ्या भट्टीत जाळताना ब्रिटिश संसदेची इमारतच पेटली. शेअर बाजारातला अर्थ थेट या काठीवरूनच आला का, याबाबत मात्र मतभेद आहेत.

उत्तर ३ :
‘बँकरप्ट’ इटालियन ‘बांका रोत्ता’वरून, म्हणजे मोडलेला बाक, ‘बँक’ही सराफाच्या त्याच बाकावरून. दिवाळखोराचे बाक भर बाजारात खरोखर मोडत, ही कथा सांगताना सावध असावे. आपण ‘पेढी बुडाली’ म्हणतो तेव्हा पाणी कुठे होते, हे कोणी विचारत नाही.