गावाकडे कुत्र्याला काय खायला घालता? आपापले अनुभव लिहा

संत्राबाग : शहरातल्यांचे सल्ले वाचून झाले. ब्रोकोली घाला, अमुक तेल घाला. आमच्या मोर्शीच्या बाजारात ब्रोकोली दिसली तरी आई ती कुत्र्यापर्यंत पोचू देणार नाही. घरी गावठी पिल्लू आणलंय, दोनेक महिन्यांचं. दूध-भाकरीवर ठेवू की पाकिटातलं आणू? खेड्यात राहून कुत्रं पाळणाऱ्यांनी सांगा.

वऱ्हाडीगडी : भाऊ, भाकर बंद करू नका, पण निस्ती भाकर देऊ नका. ज्वारीनं पोट भरते, अंग भरत नाही. आमच्या घरी तुरीचं वरण फोडणी द्यायच्या आधीच वाटीभर बाजूले काढतो, त्यात भाकर कुस्करतो अन् वरून उकडलेलं अंडं. मामा पाहून म्हणे, "याले काय कुस्तीले पाठवता काय?" फोडणीआधी काढाचं कारण कांदा-लसूण. शिजवला तरी त्याचा गुण जात नाही, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून सावजीचा उरलेला रस्सा भाकरीवर ओतणं आमच्याकडे साफ बंद.

धानपट्टा : आमचा भंडाऱ्याचा मुलूख, माणसाला भात तर कुत्र्यालाही भातच. तलावातली मासोळी उकडून, काटे काढून त्यात कालवतो. मीठ-तिखट नाही. नुसता भात आणि मांस दिलं तर कॅल्शियम कमी पडतं, हे पशुवैद्यकीय दवाखान्यात कळलं. पिल्लाला तर ते जास्तच लागतं. पण पावडर मनानं सुरू करू नका जी, डॉक्टरला वजन सांगून प्रमाण घ्या.

कापूसवेचणी : संत्राबाग दादा, दुधाचं जपून. पिल्लू मोठं होतं तसं बऱ्याच कुत्र्यांना दूध पचेनासं होतं, मग जुलाब. आमची काळी दही मजेत खाते, दूध दिलं की अंगण धुवावं लागतं. आणि आधी जंताचं औषध झालंय का बघा. पोटात जंत असतील तर तूप घाला नाहीतर मटण, अंगी काही लागत नाही.

पाकिटातलं मीही आणते, पाहुणे आले की स्वयंपाकाची धांदल वाचते. घेताना पिल्लांसाठीचं आहे की मोठ्यांसाठीचं ते वाचा. कोरड्या खाद्यात पिल्लाला प्रथिनं निदान साडेबावीस टक्के तरी हवीत, मोठ्याला १८ चालतात. दुकानदार पोत्यातलं सुटं मोजून देतो ते मी घेत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर आणि दुकानावर टिनाचं छप्पर. त्यातली चरबी खवट होते, मूठभर हातात घेतलं की जुन्या तेलासारखा वास येतो. घरी आणलं की झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवते. कोरडं खाणाऱ्याला पाणी जास्त लागतं, उन्हाळ्यात दोन भांडी भरून ठेवा. जेवण सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर. भर दुपारी काळी भांड्याकडे बघतही नाही.

बांधावरचा : आमचं कुत्रं वावरात घुशी धरून खाते. त्याची कंपनी कोणती, विचारून सांगतो.

धानपट्टा : बांधावरचे भाऊ, आजूबाजूला कोणी उंदराचं औषध टाकलं असेल तर ती घूस त्यालाही भोवेल. तेवढे दिवस बांधून ठेवा.

वऱ्हाडीगडी : एक राहिलंच. पोळ्याच्या करीले, म्हंजे दुसऱ्या दिवशी, घरोघरी मटण शिजते अन् लेकरं हाडं फेकतात. शिजलेलं हाड फुटलं का टोकदार तुकडे होतात, घशात नाहीतर आतड्यात रुततात. लेकराइले आधीच सांगून ठेवा. अन् खाणं बदलाचं असन तर आठवडाभर जुन्यात थोडं थोडं नवं मिसळत न्या.

संत्राबाग : मग वरण-भाकर-अंडं ठरलं, पाकीट अडीअडचणीला. आजी विचारते, चतुर्थीला साबुदाण्याची उसळ चालते का?

कापूसवेचणी : मीठ, मिरची, तेल सगळंच आहे त्यात. आजींना म्हणावं, उपास तुमचा, त्याचा नाही.