अमेरिकेत मास्टर्सला जातेय, पहिल्या सेमिस्टरचं कोर्स रजिस्ट्रेशन कसं करायचं?

निळीशाई

नमस्कार मंडळी, फॉलला (ऑगस्टच्या सुमारास सुरू होणारं सेमिस्टर) अमेरिकेतल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटर सायन्सच्या मास्टर्सला चाललेय. आय-२० (युनिव्हर्सिटीचा कागद, ज्याच्यावर व्हिसा मिळतो) आलाय, व्हिसा पण झालाय. आता मेल आलाय की पुढच्या आठवड्यात रजिस्ट्रेशन सुरू होतंय, कोर्स तुमचे तुम्ही निवडा. बीईला विषय ठरलेलेच असायचे, इलेक्टिव्ह असलं तरी दोनातलं एक, त्यामुळे हे पोर्टल उघडलं आणि शेकडो कोर्सची यादी बघून कुठून सुरुवात करायची तेच कळेना.

माझ्या खात्यावर दोन होल्ड, म्हणजे पूर्ण केल्याशिवाय रजिस्ट्रेशन होऊ न देणाऱ्या अटी, दिसतायत, एक लसीकरणाचा आणि एक अ‍ॅडव्हायझिंगचा. मशीन लर्निंगचा जो कोर्स मला हवाय त्याच्यापुढे आत्ताच वेटलिस्ट असं लिहिलंय. ओळखीतला एक सीनियर म्हणतो चार कोर्स घे म्हणजे लवकर सुटशील, दुसरी म्हणते तीनच्या वर जाऊ नकोस. आणि एखादा कोर्स ऑनलाइन घेतला तर व्हिसाला काही अडचण येते का? ज्यांनी हे सगळं केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा ना, इथून निघायच्या आधी मार्गी लावायचंय.

---

अर्धविराम

आधी होल्ड, मग बाकी सगळं. होल्ड असताना पोर्टल तुला कोर्स शोधू देईल, कार्टमध्ये टाकू देईल, पण शेवटचं एनरोलचं बटण दाबलं की लाल अक्षरात एरर येईल, आणि तोपर्यंत ज्यांचे होल्ड निघालेत ते जागा घेऊन मोकळे झालेले असतात. आणि कार्टमध्ये कोर्स टाकला म्हणजे जागा मिळाली असं अजिबात नाही हे पक्कं लक्षात ठेव, दरवर्षी कितीतरी मुलं कार्ट भरून निवांत बसतात आणि फर्स्ट वीकला कळतं की एकाही कोर्सला नाव नाहीये.

लसीकरणाच्या होल्डला बहुतेक ठिकाणी एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) दोन डोस मागतात, काही ठिकाणी मेनिंजायटिसची लस आणि टीबीची टेस्टसुद्धा. लहानपणीचं कार्ड सापडत नसेल तर फॅमिली डॉक्टरकडून केलेली अँटिबॉडी टायटर टेस्ट (रक्तात प्रतिकारशक्ती आहे का ते दाखवणारी) चालते का ते युनिव्हर्सिटीच्या हेल्थ सेंटरला मेल करून विचार, नाहीतर डोस परत घे. दोन डोसमध्ये किमान २८ दिवसांचं अंतर लागतं म्हणून हे आजच हातात घे, शेवटच्या आठवड्यात काही करता येत नाही. फॉर्मवर डॉक्टरची सही, शिक्का आणि तारखा इंग्रजीत असू देत.

अ‍ॅडव्हायझिंगचा होल्ड डिपार्टमेंटकडून निघतो. ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटर म्हणून कोणीतरी असतं त्यांना छोटासा मेल टाक, तुझा स्टुडंट आयडी, प्रोग्रामचं नाव आणि कुठले कोर्स मनात आहेत ते लिही. नुसतं होल्ड काढा असं लिहिलंस तर उत्तराला वेळ लागतो, कोर्सची नावं दिलीस तर त्याच मेलमध्ये हो किंवा नाही सांगून टाकतात.

अजून एक, काही होल्ड तिथे पोचल्यावरच निघतात. फायनल ट्रान्स्क्रिप्ट आणि डिग्री सर्टिफिकेट सीलबंद मागणारी युनिव्हर्सिटी असेल तर आत्ताच कॉलेजकडून दोन-तीन संच करून घे. इमिग्रेशन चेक-इनचाही होल्ड असू शकतो, पासपोर्ट, व्हिसा, आय-२० आणि आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) दाखवलं की निघतो. त्याची आत्ता काळजी करू नकोस.

---

पाणपोई

वेळेचं पण बघ. रजिस्ट्रेशन सकाळी ७ ला उघडणार असं लिहिलेलं असतं ते तिथल्या वेळेने. ईस्टर्न टाइम असेल तर उन्हाळ्यात फरक साडेनऊ तासांचा, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेचार. पॅसिफिक असेल तर साडेबारा तास, म्हणजे संध्याकाळी साडेसात. युनिव्हर्सिटी कुठल्या टाइम झोनमध्ये आहे ते बघून अलार्म लाव आणि त्याच्या आधीच लॉगिन करून बस, टू-फॅक्टर ऑथेंटिकेशनचा फोन नंबर वगैरे आदल्या दिवशी तपासून ठेव. इथलं सिम बंद झालं आणि कोड जुन्या नंबरवर जातोय असं होऊन अडकलेली मुलं बघितलीयेत, म्हणून अ‍ॅपवरचं ऑथेंटिकेशन चालू करून घे.

टाइमटेबलमध्ये एम, टी, डब्ल्यू, आर, एफ अशी अक्षरं दिसतील, त्यातला आर म्हणजे थर्सडे, गुरुवार. टीआर लिहिलं असेल तर तो क्लास मंगळवार आणि गुरुवार. नवीन मुलं याच्यातच गोंधळतात आणि एकाच वेळचे दोन कोर्स लावतात. लेक्चरबरोबर लॅब किंवा रिसिटेशनचा (छोट्या गटातला सरावाचा तास) सेक्शन वेगळा असेल तर दोन्ही एकदमच निवडावे लागतात, एकटं लेक्चर घ्यायला गेलं की सिस्टिम नाकारते.

---

सह्याद्रीपलीकडे

व्हिसाचं मी सांगतो कारण इथे चूक झाली तर ग्रेडपेक्षा मोठं नुकसान होतं.

एफ-१ वर, म्हणजे स्टुडंट व्हिसावर असताना दर फॉल आणि स्प्रिंगला फुल टाइम असायलाच लागतं. अंडरग्रॅडला हे किमान १२ क्रेडिट. मास्टर्सला आकडा युनिव्हर्सिटी ठरवते, बहुतेक ठिकाणी ९, म्हणजे ३ क्रेडिटचे तीन कोर्स. तुझ्या युनिव्हर्सिटीचा आकडा इंटरनॅशनल ऑफिसच्या पानावर लिहिलेला असतो, मित्राच्या युनिव्हर्सिटीतला आकडा धरून चालू नकोस.

ऑनलाइनचं असं आहे की फुल टाइमच्या हिशेबात एका सेमिस्टरला जास्तीत जास्त एक ऑनलाइन कोर्स किंवा ३ क्रेडिट धरले जातात. म्हणजे ९ लागत असतील तर किमान ६ वर्गात बसून घ्यायचे. त्याच्यावर अजून ऑनलाइन घ्यायला बंदी नाही, फक्त ते फुल टाइममध्ये मोजत नाहीत. काही कोर्सच्या पुढे हायब्रिड लिहिलेलं असतं, त्याला प्रत्यक्ष हजेरी सक्तीची आहे का ते नीट वाचायचं आणि शंका असेल तर डीएसओला विचारायचं. डीएसओ म्हणजे इंटरनॅशनल ऑफिसमधला तो अधिकारी जो सेव्हिसमध्ये, म्हणजे सरकारच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या सिस्टिममध्ये, तुझी नोंद ठेवतो. ऑडिट म्हणून, म्हणजे नुसतं ऐकायला बसलीस तर ते क्रेडिट धरत नाहीत.

आय-२० वर प्रोग्राम सुरू व्हायची तारीख असते, त्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत डीएसओला सेव्हिसमध्ये तुझं रजिस्ट्रेशन करावं लागतं. म्हणून पोचल्या पोचल्या चेक-इन कर आणि तिथला पत्ता दे, पुढे घर बदललंस तरी १० दिवसांत कळवायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सेमिस्टरच्या मध्ये कोर्स फारच जड जातोय असं वाटलं आणि सोडायचा झाला तर आधी डीएसओशी बोल, मग पोर्टलवर ड्रॉप कर. उलटं करायचं नाही. पहिल्यांदाच आलेल्यांना इंग्रजीची किंवा तिथल्या शिकवण्याच्या पद्धतीची अडचण असेल, चुकीच्या लेव्हलचा कोर्स पडला असेल, तर रिड्यूस्ड कोर्स लोडची परवानगी मिळू शकते, पण ती आधी घ्यावी लागते, एका डिग्रीत एका सेमिस्टरपुरतीच मिळते आणि तरी निम्मा लोड ठेवावाच लागतो. तब्येतीच्या कारणाचा नियम वेगळा आहे. न विचारता ९ चे ६ केलेस तर स्टेटस (विद्यार्थी म्हणून तिथे राहायचा हक्क) जातं आणि ते परत मिळवणं फार त्रासाचं आहे.

---

निळीशाई

बापरे, आर म्हणजे गुरुवार हे मला खरंच माहीत नव्हतं, मी रविवारचा क्लास कसा असेल याचा विचार करत होते 🙏 कोऑर्डिनेटरना मेल टाकलाय. आता तीन की चार ते सांगा आणि वेटलिस्टचं पण.

---

उंबरठा

माझं ठाम मत, पहिल्या सेमिस्टरला तीन.

कारण सांगते. तिथे एका क्रेडिटमागे आठवड्याला वर्गात १ तास आणि वर्गाबाहेर साधारण २ तास काम असा हिशेब धरलेला असतो. ९ क्रेडिट म्हणजे आठवड्याला २७ तास झाले, चौथा कोर्स घेतलास की ३६. आणि हा कागदावरचा हिशेब आहे, प्रोग्रामिंगच्या असाइनमेंट असलेला कोर्स याच्या पुढे सहज जातो. इथल्यासारखं शेवटच्या महिन्यात अभ्यास करून पेपर काढायची पद्धत तिथे चालत नाही, दुसऱ्या आठवड्यापासून होमवर्क, क्विझ, प्रोजेक्ट सगळ्याला मार्क असतात आणि त्यांचीच फायनल ग्रेड होते. त्यात घर शोधणं, बँक, स्वयंपाक, थंडी, कॅम्पसवर काम मिळालं तर आठवड्याला २० तासांपर्यंत ते. मास्टर्सला बहुतेक ठिकाणी ३.० जीपीए (ग्रेडची सरासरी) राखावाच लागतो, खाली गेलं की प्रोबेशन. पहिल्याच सेमिस्टरला जीपीए पडला तर तो वर काढण्यात पुढची सगळी शक्ती जाते, ते मी जवळून बघितलंय आणि त्या मुलीची हुशारी कमी नव्हती, लोड जास्त होता.

तीनपण कसे निवडायचे, तर तिन्ही प्रोजेक्टवाले किंवा तिन्ही थिअरीवाले नकोत. एक जो तुझा पाया पक्का असलेला, एक कोअरमधला सक्तीचा, एक ज्यासाठी तू खरंच तिथे चाललीयेस. कोर्सचा जुना सिलॅबस नेटवर सापडतो, त्यात असाइनमेंट किती आणि परीक्षेला वेटेज किती ते बघ, शिक्षकाच्या रेटिंगपेक्षा त्याच्यावरून जास्त कळतं. प्रीरिक्विझिट, म्हणजे आधी झालेले असावे लागणारे विषय, नीट वाच, तुझं बीईमधलं प्रोबॅबिलिटी किंवा लिनियर अल्जिब्रा त्यांच्या सिस्टिममध्ये दिसत नसतं, त्यामुळे पात्र असूनही पोर्टल अडवतं. अशा वेळी ट्रान्स्क्रिप्ट आणि त्या विषयाचा अभ्यासक्रम जोडून शिक्षकाकडे ओव्हरराइड, म्हणजे सिस्टिमची ती अट बाजूला ठेवायची परवानगी, मागायचं. बहुतेक देतात.

वेटलिस्टमध्ये आत्ताच नाव घाल, कितवा नंबर आहे ते बघ. पहिले दोन आठवडे लोक कोर्स घेतात, सोडतात, बरीच हलवाहलव होते. पण वेटलिस्टवरचा कोर्स क्रेडिटमध्ये धरला जात नाही, म्हणून तो सोडून बाकीचे ९ पूर्ण असले पाहिजेत. म्हणजे एक पर्यायी कोर्स घेऊन ठेव, मशीन लर्निंग मिळालं की तो सोड. सीट उघडली की काही सिस्टिम आपोआप नाव लावतात, काही फक्त मेल पाठवतात आणि ठरावीक तासांत क्लेम करावं लागतं, तुझ्याकडे कुठलं आहे ते वाचून घे. पहिल्या दिवशी त्या वर्गात जाऊन बस, शिक्षकांना भेट, नाव लागायच्या आधीचं होमवर्कही कर.

---

कंदीलवाला

उंबरठा यांच्याशी बहुतांशी सहमत, पण चार घेऊच नये असं नाही म्हणणार. बऱ्याच युनिव्हर्सिटीत अ‍ॅड-ड्रॉपची मुदत असते, त्या मुदतीत कोर्स सोडला तर ट्रान्स्क्रिप्टवर खूण राहत नाही आणि पैसेही बहुतेक सगळे परत येतात. चार कोर्सला बसून बघायचं आणि त्या मुदतीत एक सोडायचा, बरेच जण असं करतात. मुदत गेल्यावर सोडला तर त्याला विथड्रॉ म्हणतात, ट्रान्स्क्रिप्टवर डब्ल्यू येतो आणि रिफंड टप्प्याटप्प्याने कमी होत जातो. त्या तारखा अ‍ॅकॅडमिक कॅलेंडरमध्ये असतात, फोनमध्ये टाकून ठेव.

फक्त फी बघ. काही ठिकाणी प्रत्येक क्रेडिटला फी, तिथे चौथा कोर्स म्हणजे सरळ जास्तीचे पैसे. काही ठिकाणी फुल टाइमच्या पुढे एका मर्यादेपर्यंत तेवढीच फी, तिथे चार घेण्यात फायदा असतो. आणि फी भरायची तारीख चुकली तर काही युनिव्हर्सिटी सगळे कोर्स काढून टाकतात, मग परत शेवटून रांगेत. परदेशात पैसे पाठवायला बँकेला वेळ लागतो हे धरून चल.

---

आबांचीओसरी

मधेच विचारतो, माफ करा. माझी मुलगी बारावीनंतर बॅचलर्सला चाललीय. तिचं रजिस्ट्रेशन मी इथून बघू शकतो का? फी मी भरतोय पण कॉलेज मला काहीच सांगत नाही.

---

सह्याद्रीपलीकडे

काका, ते मुद्दाम तुम्हाला टाळत नाहीयेत. तिथे फेर्पा नावाचा १९७४ चा कायदा आहे, कॉलेजात गेल्यावर शैक्षणिक माहितीवर हक्क विद्यार्थ्याचा. मुलीने पोर्टलवर लेखी संमती दिली तर बऱ्याच ठिकाणी पालकांना प्रॉक्सी लॉगिन मिळतं, त्यातून फी भरता येते आणि तिने परवानगी दिलेलं दिसतं. रजिस्ट्रेशन मात्र तिचं तिलाच करू द्या.

अंडरग्रॅडचं थोडं वेगळं असतं, बहुतेक नवीन मुलांचं रजिस्ट्रेशन ओरिएंटेशनला अ‍ॅडव्हायझरबरोबर बसून होतं. गणिताची प्लेसमेंट टेस्ट असेल तर ती आधी द्यायला सांगा, कारण कॅल्क्युलसला थेट बसायचं की एक पायरी खालून सुरुवात करायची ते त्याच्यावर ठरतं आणि इंजिनिअरिंगला फिजिक्ससकट पुढचे कोर्स त्याच्यावरच अडून असतात. बरोब्बर १२ क्रेडिट घेऊ नका म्हणावं, एक कोर्स सोडायची वेळ आली तर १२ च्या खाली जाईल. चार वर्षांत डिग्री व्हायची तर १२० क्रेडिट लागतात, म्हणजे सेमिस्टरला सरासरी १५ पडतातच.

---

आबांचीओसरी

धन्यवाद. तिला वाचायला दिलंय हे.

---

निळीशाई

अपडेट: अ‍ॅडव्हायझिंगचा होल्ड निघाला, लसीचा पहिला डोस काल घेतला. अल्गोरिदम्स, डेटाबेस आणि पर्यायी म्हणून नेटवर्क्स असे तीन ठरवलेत, मशीन लर्निंगला वेटलिस्टमध्ये नाव घालणार. फक्त दुसऱ्या डोसची तारीख रजिस्ट्रेशन उघडल्यानंतरची येतेय, तोपर्यंत होल्ड राहील ना?

---

अर्धविराम

पहिल्या डोसचा कागद लगेच अपलोड कर आणि दुसऱ्याची अपॉइंटमेंट कळवून हेल्थ सेंटरकडे तात्पुरती सूट माग. पहिल्या सेमिस्टरपुरता होल्ड उचलून देणारी बरीच ठिकाणं आहेत. दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर इंटरनॅशनल ऑफिसला सीसी करून परत लिही, आणि तिथे सकाळ असेल अशा वेळी फोनच कर.