मदत हवी आहे: ऊसतोडीचा तालुका, बी.ए.ची मुलं आणि १२० तासांची ओजेटी

गोधडी

नमस्कार. थोडं मोठं लिहिते आहे, पण सगळी परिस्थिती सांगितल्याशिवाय सल्ला मागण्यात अर्थ नाही.

बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित कला महाविद्यालयात मी मराठी शिकवते. सतरा वर्षं झाली. आमचे प्राचार्य निवृत्त झाले, पद भरेपर्यंत इतिहासाच्या सरांकडे प्रभार आला, आणि त्यांनी पहिल्याच बैठकीत एनईपी (नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण) समन्वयक म्हणून माझं नाव घेतलं. आजवर मी माझ्या विभागापुरतं बघत होते. आता अख्ख्या कॉलेजचं बघायचं आहे आणि खरं सांगते, रात्री झोप लागत नाही.

प्रश्न ओजेटीचा, म्हणजे ऑन-जॉब ट्रेनिंगचा आहे. संलग्न महाविद्यालयांत नवी रचना २०२४-२५ पासून आली (स्वायत्तांकडे वर्षभर आधी). तेव्हा प्रथम वर्षाला आलेली आमची पहिली तुकडी आता तिसऱ्या वर्षात आहे. मेजर (मुख्य विषय), मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, आयकेएस हे नव्या रचनेतले सगळे विषयगट वेळापत्रकात बसवताना नाकी नऊ आले, पण पार पडलं. फील्ड प्रोजेक्ट तर मुलांनी फार मनापासून केले. आठवडी बाजारातली बोली, जात्यावरच्या ओव्या. एका मुलीने स्वतःच्या आजीकडून साठेक ओव्या लिहून आणल्या, त्यातल्या निम्म्या मी कधी ऐकलेल्या नव्हत्या. सहाव्या सत्रात मात्र ४ श्रेयांकांची (क्रेडिटची) ओजेटी आहे. एका श्रेयांकाला ३० तास, म्हणजे प्रत्येकाने १२० तास कुठेतरी प्रत्यक्ष काम करायचं.

आमच्या गावात पंचायत समिती, बाजार समिती, दोन बँका, एक छापखाना आणि एक वाचनालय. वर्तमानपत्रांचे तालुका प्रतिनिधी घरूनच काम करतात. तिसऱ्या वर्षाला ७८ मुलं आहेत. मराठी मेजरची २६, त्यात १९ मुली.

आणि सहावं सत्र येतं ऐन गळीत हंगामात. दसरा-दिवाळी झाली की आमची गावं रिकामी होतात. आईवडील उचल (आगाऊ रक्कम) घेऊन कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातात, कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. मागे धाकटी भावंडं, म्हातारी आजी, एखादी शेरडी, आणि हे सगळं सांभाळायला आमची तिसऱ्या वर्षाची मुलगी. सकाळच्या एसटीने येते, दीडच्या गाडीने परत जाते, कारण पुढची गाडी थेट सहाला. तिला मी तालुक्याच्या कचेरीत रोज चार तास कशी बसवू? काही मुलं तर स्वतःच फडावर (उसाच्या शेतात तोडीला) असतात आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी गावात येतात.

एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सुचवलं, "ओळखीच्या दुकानदाराकडून सही-शिक्क्याचं पत्र आणू द्या, गुण देऊन टाकू." त्यांना मी वाईट म्हणणार नाही. आमच्याकडे कायम शिक्षक मोजके, बाकी सगळे तासिका तत्त्वावर. परीक्षा, एक्यूएआर (नॅकचा वार्षिक गुणवत्ता अहवाल), शिष्यवृत्तीचे अर्ज हे सगळं त्याच चार-पाच माणसांवर पडतं. पण माझी मुलं आयुष्यात पहिल्यांदा कामाचा दाखला हातात घेणार आहेत. तो खोटा असावा हे मला सहन होत नाही.

मला तीन गोष्टी कळायला हव्यात. हे तास सलग न भरता तुकड्या-तुकड्याने भरले तर चालतात का, आणि ते कुणाला विचारायचं? मराठीच्या मुलांनी खेड्यात राहून करण्यासारखं खरं काम कोणतं? आणि माझ्यापेक्षा वयाने, सेवेने मोठ्या असलेल्या विभागप्रमुखांकडून समन्वयक म्हणून काम कसं करून घ्यायचं? मी आवाज चढवणारी बाई नाही.

---

जुना_हजेरीपट

मॅडम, मी ग्रामीण महाविद्यालयात अकरा वर्षं प्राचार्य होतो. तुमचा तिसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो सुटला की बाकीचे निम्मे सुटतात.

समन्वयकपदाच्या पत्राने कुणी ऐकत नाही, ठरावाने ऐकतात. ओजेटीचा लेखी प्रस्ताव करा आणि प्रभारी प्राचार्यांमार्फत महाविद्यालय विकास समितीपुढे ठेवा. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात जी स्थानिक व्यवस्थापन समिती होती, तिच्या जागी २०१६ च्या कायद्याने ही समिती आली. बऱ्याच ठिकाणी ती चहा-बिस्किटांपुरती भरते, पण तिची रचना नीट वाचा. शिक्षण, उद्योग, संशोधन, समाजसेवा या क्षेत्रांतली स्थानिक माणसं त्यात घ्यावी लागतात, त्यात निदान एक माजी विद्यार्थी. तुम्हाला ज्या दारांवर जायचं आहे त्यांच्या किल्ल्या याच लोकांकडे आहेत. प्रस्तावात प्रत्येक विभागाची जबाबदारी नावानिशी लिहा आणि त्यात सर्वात जड काम स्वतःकडे ठेवा. ज्येष्ठ माणसं त्यानेच हलतात, हे मी अनुभवाने सांगतो. त्यांच्या घरी जाऊन अर्धा तास बसा. बैठकीत विरोध करणारा माणूस घरी वेगळं बोलतो.

तासांविषयी विद्यापीठाला विचाराल तेव्हा कुलसचिवांच्या नावे मोघम पत्र पाठवू नका, ते टेबलावरून टेबलावर फिरत राहील. मराठीच्या अभ्यास मंडळाच्या अध्यक्षांना लिहा, प्रत मानव्यविद्या विद्याशाखेच्या अधिष्ठात्यांना. अभ्यासक्रमाची वाट अभ्यास मंडळ, विद्याशाखा, विद्या परिषद अशीच असते. अधिष्ठाता पूर्वी निवडून यायचे, आता पूर्णवेळ नेमले जातात. म्हणजे भेटीची वेळ मागितली तर माणूस जागेवर सापडतो. पत्रात एकच प्रश्न विचारा आणि तो असा की उत्तर हो किंवा नाही एवढंच येईल: "सत्राच्या काळात रोज दोन तास याप्रमाणे भरलेले १२० तास ग्राह्य धरले जातील काय?" सोबत ऊसतोडीच्या हंगामाचं एका परिच्छेदात कारण. लांब निवेदन जोडू नका.

आणि हे सत्र सुरू होण्याच्या आधी करा. नंतर विचारलं की "पुढच्या वर्षी बघू" असं उत्तर येतं.

---

नदीकाठ

मी पुण्यातल्या स्वायत्त महाविद्यालयात आहे. आमची तुकडी २०२३-२४ ला सुरू झाली, त्यामुळे सहावं सत्र आमचं होऊन गेलं. आम्ही केलेली चूक सांगते, तुम्ही करू नका. आम्ही "संस्था" म्हटल्यावर कंपन्यांच्या मागे धावलो. मराठीच्या मुलांना तिथे माहिती भरण्याचं काम मिळालं, महिनाभर तेच. मुलं काही शिकली नाहीत.

दुसऱ्या फेरीत आम्ही उलटा विचार केला. भाषा येणाऱ्या माणसाची गरज कुठे आहे? छापखान्यात मुद्रितं तपासायला. ग्रामपंचायतीत, जिथे सूचना लोकांना कळेल अशा मराठीत लिहायची असते. सार्वजनिक वाचनालयात, जिथे दाखलनोंदणी वर्षानुवर्षं अर्धवट पडलेली असते. अ वर्गापासून ड वर्गापर्यंतची वाचनालयं खेडोपाडी आहेत, तुमच्याही तालुक्यात एकापेक्षा जास्त सापडतील.

मूल्यमापनासाठी रोजनिशी ठेवा. रोज पाच ओळी, पण स्वतःच्या शब्दांत: आज काय केलं, काय अडलं, कोणता नवा शब्द कळला. खोटं पत्र आणता येतं, साठ दिवसांची खोटी रोजनिशी लिहिणं फार अवघड. शिक्षकांना प्रत्येक ठिकाणी जाणं जमलं नाही, तेव्हा आम्ही आठवड्यातून एक फोन आणि सत्रात एक भेट एवढं पक्कं पाळलं.

---

करडई

मला हे सगळं पटत नाही. ग्रामपंचायतीत, बँकेत मुली जाणार म्हणजे फुकटची कारकुनी होणार. घरी भावंडांचा स्वयंपाक, वर १२० तास बिनपगारी काम. धोरण कागदावर कितीही चांगलं असो, ते शेवटी कुणाच्या अंगावर पडतं ते बघा. तुम्ही समन्वयक आहात, तर मुलींच्या बाजूने उभं राहून "आमच्याकडे हे शक्य नाही" असं विद्यापीठाला कळवा.

---

गोधडी

करडई, तुमचं म्हणणं मनाला लागलं, कारण मीही पहिले दोन दिवस हाच विचार करत होते. पण "शक्य नाही" म्हटलं तर मुलांचे ४ श्रेयांक अडकतील आणि पदवी अडकेल. आणखी एक सांगते. आमच्या मुलींना कुणी कधी "तुझ्या या शिक्षणाचं काम पडलं, ये" असं म्हटलेलं नाही. काम खरं असेल तर त्यांनाही ते हवं आहे, मी वर्गात विचारलं. फुकटची कारकुनी होऊ नये ही अट मात्र मी प्रस्तावात वेगळी लिहिणार आहे: झाडलोट, चहा, नुसत्या झेरॉक्स ही कामं द्यायची नाहीत. तुमच्यामुळे सुचलं.

हजेरीपट सर, "सर्वात जड काम स्वतःकडे" हे वाचून थांबले. मी उलट करणार होते.

---

टायरगाडी

मॅडम, मी ऊसतोडीच्याच घरातला. आईवडिलांचा वीस वर्षं कोयता होता. मी चौथीपर्यंत त्यांच्यासोबत कोपीवर (तोडकऱ्यांच्या झोपडीत) राहायचो, मग आजीपाशी. आज जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, म्हणून एक सुचवतो.

आमच्या पट्ट्यात हंगामात शाळाशाळांतून हंगामी वसतिगृहं चालतात. आईवडील ऊसतोडीला गेले तरी पोरं गावातच राहावीत, शाळा सुटू नये म्हणून. शाळा व्यवस्थापन समिती ती चालवते. जेवणाची सोय होते, पण संध्याकाळी अभ्यासाला बसवणारं माणूस नसतं. एकटा शिक्षक किती पुरणार? तिसरी-चौथीची पोरं असतात, वाचायला अडखळतात, आईची आठवण आली की रडतात.

तुमच्या मुली त्याच गावात असतात. त्यांची भावंडंही बहुधा त्याच वसतिगृहात. रोज संध्याकाळी दोन तास पोरांना वाचायला शिकवायचं, गोष्ट सांगायची, त्यांच्याकडून चार ओळी लिहून घ्यायच्या. दोन तासांप्रमाणे साठ दिवस, झाले १२० तास. एसटी लागत नाही, घर सुटत नाही. मुख्याध्यापकांची सही खरी असेल, कारण काम खरं असेल. केंद्रप्रमुखांच्या कानावर आधी घाला, म्हणजे मुख्याध्यापक बिचकणार नाहीत. मुली एकेकट्या न पाठवता जोडीने पाठवा, रात्र व्हायच्या आत घरी पोचल्या पाहिजेत.

मी शाळेत असताना संध्याकाळी कुणी असं बसलं असतं तर मला बरं वाटलं असतं, एवढंच.

---

पाटी_पुस्तक

टायरगाडी सरांच्या प्रतिसादावर काय लिहू? फक्त एवढं: मी तुमच्या शेजारच्या तालुक्यात क वर्ग वाचनालयात ग्रंथपाल आहे. दोन मुलं आमच्याकडे पाठवा, दाखलनोंदणी आणि बालविभाग दोन्ही शिकवते. चहा आम्ही देऊ, त्यांच्याकडून करून घेणार नाही.

---

गोधडी

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल माफ करा.

विकास समितीत ठराव झाला. प्रभारी प्राचार्य पाठीशी उभे राहिले. सगळ्यात आधी मी त्याच ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या घरी गेले होते. त्यांच्या पत्नीने भाकरी वाढली, मी ओजेटीचा विषय काढलाही नाही, सरांनीच काढला. म्हणाले, "हंगामी वसतिगृहाचं मला द्या, तिकडचे मुख्याध्यापक माझे विद्यार्थी." आता सात गावांत पंधरा मुली ठरल्या आहेत, सगळ्या जोडीने, एका गावात तिघी. छापखान्याने दोघांना होकार दिला, वाचनालयांत पाच जणांची सोय झाली. भूगोल आणि अर्थशास्त्राच्या विभागांनीही आपापल्या याद्या द्यायला सुरुवात केली आहे, बाजार समितीत भावांच्या नोंदींचं काम आहे. अभ्यास मंडळाच्या अध्यक्षांना पत्र गेलं आहे, अधिष्ठात्यांची भेटीची वेळ पुढच्या गुरुवारची मिळाली. त्या भेटीआधी काय सोबत न्यावं हे कुणी सांगितलं तर बरं होईल.

एक प्रश्न मात्र सुटलेला नाही. मराठीची चार मुलं यंदाही फडावर जाणार आहेत. घरात दुसरा कोयता धरणारं कुणी नाही. त्यांना मी काय देऊ? वसतिगृह नाही, वाचनालय नाही, दिवसभर अंगमेहनत.

---

जुना_हजेरीपट

ठराव, गावनिहाय यादी आणि एका मुलीच्या फील्ड प्रोजेक्टची वही. ती ओव्यांची वही न्याच. अधिष्ठात्यांपुढे आधी वही ठेवा, पत्र नंतर.

---

चिटबॉय_नाही_आता

मॅडम, मी वारणेकाठच्या भागातल्या महाविद्यालयात मराठीच शिकवतो. तुमच्याकडची माणसं आमच्याकडे येतात. आमच्या कॉलेजच्या मागच्या माळावर दरवर्षी कोप्या पडतात आणि मी सोळा वर्षं त्या नुसत्या बघत आलो आहे.

तुमची चार मुलं कोणत्या कारखान्याच्या गटात आहेत ते मुकादमाकडून काढून घ्या. आमच्या आसपास असतील तर पावसाने किंवा गाड्या अडल्याने तोड बंद राहते त्या दिवशी ती आमच्या विभागात बसू शकतील. काम असं: फडावरचे शब्द. मोळी, वाढं, थळ, कोपी, गाडी भरण्याचे, मापाचे, उचलीचे, दुखण्याचे शब्द, वापरातल्या वाक्यासकट. मराठवाड्यातला शब्द आणि आमच्याकडचा शब्द शेजारी-शेजारी. शब्द सांगणारी माणसं त्यांच्याभोवती चोवीस तास आहेत, आम्हाला ती कधी भेटली नाहीत. मार्गदर्शक म्हणून माझी सही, आमच्या प्राचार्यांचं पत्र मी मिळवतो. सगळे १२० तास भरतील असं आत्ता म्हणत नाही, पण निम्मे नक्की. उरलेले त्यांनी गावी परतल्यावर तुमच्याकडे भरावेत, आणि दोन महाविद्यालयांत विभागलेले तास चालतील का हेही गुरुवारी अधिष्ठात्यांना विचारून घ्या.

मुलांची नावं इथे लिहू नका. मला व्यनि (खाजगी निरोप) करा.