डेडलॉक टाळायचा कसा? घरच्या ग्रुपवरील चर्चा

तन्वी: काका, परवा माझी ऑपरेटिंग सिस्टीमची तोंडी परीक्षा आहे. डेडलॉकच्या, म्हणजे प्रोग्राम एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकण्याच्या, चारही अटी पाठ आहेत: वस्तू एका वेळी एकालाच मिळणे, हातातली धरून दुसरीची वाट पाहणे, धरलेली हिसकावता न येणे आणि वाट पाहणाऱ्यांचे चक्र. पण त्यांतली कोणती मोडायची हे उमगत नाही.

सुधीरकाका: कॉफमन, एल्फिक आणि शोशानी यांनी १९७१ साली त्या अटी एकत्र मांडल्या. चारही जुळून आल्याशिवाय कोंडी होत नाही, म्हणून एक मोडली तरी पुरते. प्रिंटर थेट कुणाला अडवू न देता प्रत्येकाचे काम स्पूलच्या, म्हणजे साठवून ठेवलेल्या कामांच्या, रांगेत घेतले, की पहिली अट तिथे उरत नाही. लॉकचे, म्हणजे सामायिक माहितीला लावायच्या कुलपाचे, मात्र तसे नाही. एका वेळी एकालाच आत सोडणे हेच त्याचे काम, आणि ते मध्येच हिसकावले तर अर्धवट बदललेली माहिती मागे राहते.

आत्या: आमच्या बँकेत एकाच क्षणी दोन खातेदारांनी एकमेकांना पैसे पाठवले, तर असेच होईल का रे?

सुधीरकाका: ताई, अगदी नेमके विचारलेस. एक थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधला कामाचा एक धागा, खाते १०१ लॉक करून २०५ ची वाट पाहतो, दुसरा २०५ धरून १०१ ची, आणि दोघेही कायमचे अडकतात. म्हणून नियम असा करायचा, की पैसे कुठूनही कुठेही जावोत, लहान क्रमांकाचे खाते आधी लॉक करायचे. मग दुसरा थ्रेडही आधी १०१ च मागतो आणि ते मिळेपर्यंत २०५ ला हात लावत नाही. चक्रच तयार होत नाही. तन्वी, मला विचारशील तर ही चक्राची अटच मोडावी. आयबीएमच्या हॅवेंडर यांनी १९६८ सालीच हा क्रमाचा उपाय मांडला होता.

तन्वी: आणि बँकर्स अल्गोरिदम?

सुधीरकाका: तो संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांचा, पण तो प्रतिबंधात, म्हणजे एखादी अटच मोडण्याच्या उपायांत, गणला जात नाही. त्यात प्रत्येक प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रामची, कमाल गरज आधी ठाऊक असावी लागते आणि प्रत्येक मागणी मान्य करण्यापूर्वी स्थिती सुरक्षित राहील का, हे तपासावे लागते. हा फरक नीट सांग. क्रम पाळण्यातली खरी अडचण माणसांची आहे, कारण कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाला तो ठाऊक हवा. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, २००६ पासून लॉकडेप हे तपासणीचे साधन आहे, ते लॉक कोणत्या क्रमाने घेतले याची नोंद ठेवते आणि कुठे उलटा क्रम दिसला, तर प्रत्यक्ष कोंडी झालेली नसतानाही इशारा देते. मला ते फार मोलाचे वाटते.

तन्वी: काका, दोन्ही खाती एकच असली तर?

सुधीरकाका: शाब्बास! आधी ते तपासायचे आणि लॉक एकदाच घ्यायचे, नाहीतर साध्या लॉकवर तो थ्रेड स्वतःचीच वाट पाहत बसेल.