उतारावर गुडघा गेला, उद्या पुढे जायचं की परत फिरायचं? मदत हवी आहे

लोकहो, जरा पटकन सांगा. बॅटरी ३० टक्के आहे आणि रेंज या एकाच दगडावर बसलं की येतेय. मी आणि माझा मित्र ११ दिवसांचा ट्रेक करतोय, सगळं सामान पाठीवर, माझी सॅक साधारण १४ किलो. काल सहावा दिवस होता आणि काल माझी पार वाट लागली.

प्लॅन होता १८ किमी, आधी ११०० मीटर चढ आणि मग खिंडीतून पलीकडे १४०० मीटर उतार. वेळेचा हिशोब मीच केलेला, तो नेस्मिथचा १८९२ चा नियम आहे ना, ताशी ५ किमी आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जास्तीचा, त्याने साडेपाच तास येतात, वर दीड तास थांबायला धरला, म्हणजे सातला निघून दोनला मुक्कामी. पोचलो रात्री पावणेआठला, हेडटॉर्च लावून. (त्या नियमात उतार धरलेलाच नाही हे मला घसाऱ्यावर उभं राहिल्यावर आठवलं, आता काय बोलणार.)

चढ मस्त गेला. उतरायला लागल्यावर तासाभरात उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला टोचायला लागलं, म्हटलं होईल कमी, पण मग प्रत्येक पावलाला कोणीतरी आतून सुरी फिरवतंय असं. पाय ताठ ठेवला तर चालत होतं, वाकवला की मेले. शेवटचे दोन तास खेकड्यासारखी आडवी उतरले, डावा पाय खाली, उजवा त्याच्याशेजारी, परत डावा खाली. पाणी चारलाच संपलेलं.

आणि मित्राचं म्हणाल तर तो प्रत्येक वळणावर थांबायचा, पण मी पोचले की त्याची विश्रांती झालेली असायची, लगेच उठून चालू लागायचा. म्हणजे तो दहा वेळा बसला आणि मी एकदाही नाही. तो वाईट नाहीये हो, मीच त्याला दुखतंय हे धड सांगितलं नाही.

आज राखीव दिवस वापरून तंबूत पडून आहे. सूज नाही, गुडघा अडकत नाही, सपाटीवर चालता येतं. रात्री दुखणं थांबवायला आयबुप्रोफेनच्या दोन गोळ्या घेतल्या. इथून एक फाटा ७ किमीवर रस्त्याला उतरतो, तो सोडला तर पुढचे दोन दिवस बाहेर पडायला वाटच नाही. काय करू?

प्रतिसाद १:
डॉक्टर नाही, पण हेच दोनदा भोगलंय. बाहेरच्या बाजूला, उतारावर, पाय वाकला की, म्हणजे बहुतेक मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत येणारा तो पट्टा, आयटी बँड. नक्की काय ते खाली गेल्यावर दाखवून घे. एक सांगतो, तू पाय उलटे टाकलेस. उतरताना दुखरा पाय आधी खाली, कारण जो वर राहतो त्याच्याच गुडघ्याला वाकून सगळं वजन खाली सोडावं लागतं. म्हणजे दोन तास तू दुखऱ्याकडूनच काम करून घेतलंस. आणि अंगात पाणी कमी असताना आयबुप्रोफेन नको, किडनीवर येतं. आधी पाणी पी, लघवी फिकट होऊ दे.

प्रतिसाद २:
गोळी खाऊन पुढे जाणं म्हणजे धुराचा अलार्म काढून झोपणं. मी असतो तर फाट्याने उतरलो असतो. जायचंच असेल तर आज संध्याकाळी पूर्ण सॅक पाठीवर घेऊन अर्धा तास उतारावर चालून बघ, रिकाम्या हाताने बघितलेलं काही खरं नाही. दुखलं की विषय संपला.

धागाकर्ती:
थँक्यू दोघांनाही. तंबूमागे तीन दगडांच्या पायऱ्या आहेत, तिथे उजवा आधी टाकून उतरून बघितलं, अक्षरशः निम्म्याने कमी दुखलं, कालच कोणी सांगितलं असतं तर! मग सॅक घेऊन मागच्या उतारावर गेले. आठव्या मिनिटाला सुरी परत आली. बाहेरच्या बाजूला, अगदी तिथेच.

म्हणजे फाटा. दोन्ही ट्रेकिंग पोल (चालायच्या काठ्या) मी घेतेय, तंबू आणि भांडी त्याच्या सॅकमध्ये, आणि ७ किमीला पूर्ण दिवस धरलाय. हे सगळं त्याला अजून सांगायचंय, तो ओढ्यावर पाणी भरायला गेलाय. तिकडून शिट्टी वाजवत येतोय, ऐकू येतंय. बॅटरी ९ टक्के, बंद करते.