पोलो आणि ६१०९
कस्टम्सच्या HS वर्गीकरणात (मालाला आकडी हेडिंग देण्याची पद्धत) पोलो म्हणजे कॉलर लावलेला टी-शर्टच, म्हणून तो टी-शर्टच्या हेडिंगमध्ये, ६१०९ मध्ये, असं काहीजण म्हणतात; ते पटत नाही. कॉलर आणि गळ्याला बटणपट्टी आली की पुरुषांचा निटेड (टाक्यांनी विणलेला) पोलो ६१०५ मध्ये, म्हणजे शर्टांत जातो, बायकांचा ६१०६ मध्ये, म्हणजे ब्लाउज-शर्टांत. इनव्हॉइसवर काय नाव छापलंय त्याला फारशी किंमत नाही.

पण प्रकरण ६१ (निटेड कपड्यांचं प्रकरण) ची टीप ४ सुद्धा बघा. खालच्या घेराला रिब (ताणली जाणारी उभ्या रेघांची विणलेली पट्टी) किंवा नाडी, कमरेखाली खिसा, किंवा दोन्ही दिशांना सेंटिमीटरमागे सरासरी १० पेक्षा कमी टाके असतील तर ही दोन्ही हेडिंग बाद. असा माल बहुधा ६११० मध्ये, म्हणजे जर्सी-पुलओव्हरमध्ये जातो. टाके किमान १० × १० सेंमी भागावर मोजायचे, तेही अंगाच्या कापडावर, कॉलरच्या रिबवर नव्हे. कापड ताणून मोजलं की आकडा खोटाच कमी येतो.